शेततळ्यात सोडलेला दोर

शिक्षिकेला तिचे विद्यार्थी रस्त्यात भेटतात, परिचारिकेला तिने शुश्रूषा केलेले रुग्ण ओळख देतात. माझ्या वाट्याला असे कुणी येत नाही. जे मूल रॉकेल प्यायले नाही, ज्या बाईचा पदर मळणीयंत्राच्या पट्ट्यात गेला नाही, जो म्हातारा कठडा नसलेल्या विहिरीत पडला नाही, त्यांच्यापैकी एकालाही मी कोण हे ठाऊक असण्याचे कारण नाही. ती माणसे आपापल्या घरी सुखाने जेवत असतील, असे धरून चालायची सवय मला नोकरीने लावली. अजूनही एखाद्या वस्तीवरून संध्याकाळचा धूर वर चढताना दिसला, की मन आधी विचारते, चूल कुठे आहे आणि तिच्याजवळ कोण खेळते आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकच्या एका धर्मादाय रुग्णालयात आरोग्यशिक्षिका म्हणून मी रुजू झाले. तिथल्या शल्यचिकित्सकांना, म्हणजे आमच्या डॉक्टरांना, तुटलेली बोटे शिवून शिवून कंटाळा आला होता. ही बोटे टेबलावर येऊच नयेत यासाठी कुणीतरी गावोगाव हिंडले पाहिजे, असे त्यांनी विश्वस्तांना पटवले आणि त्या हिंडण्यासाठी अर्ज मागवले. मी मराठी घेऊन एम.ए. झालेली, अभ्यास सारा कवितेचा. मुलाखतीत त्यांनी काही विचारण्याआधी मीच विचारून टाकले, "कवितेचा इथे काय उपयोग होणार?"

"उपदेश सगळेच करतात," डॉक्टर म्हणाले. "मला असं बोलणारं माणूस हवंय, की ज्याचं ऐकून बाई उठेल आणि बाटलीची जागा बदलेल. टाळ्या मिळाल्या नाहीत तरी चालेल."

ती बाटली म्हणजे रॉकेलची. तेव्हा घरोघर रॉकेल सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून चुलीशेजारी ठेवलेले असे. चैत्रातल्या उन्हातून खेळून आलेले मूल डोळे अर्धे मिटून बाटली तोंडाला लावी. पुढची चूक मोठ्यांची. घाबरून ते मुलाला मिठाचे पाणी पाजत, ओकायला लावत. आणि पोटात होते ते रॉकेल त्या ओकारीबरोबर फुप्फुसात उतरे. हे मी सांगत असे. बायका मान डोलवत, चहा देत आणि बाटली जिथल्या तिथे राही. डोळ्यांना सवयीची झालेली वस्तू डोळ्यांना दिसत नाही, हे मला हळूहळू कळले. मग मी कानांकडे वळले. आठवड्याच्या बाजारातून बैलांच्या गळ्यात बांधायची घुंगरे आणली आणि एकेक घुंगरू बाटल्यांच्या गळ्यात बांधू लागले.

सायखेड्याजवळच्या मळ्यात भाजी पिकवणाऱ्या जनाबाई कमरेवर हात ठेवून माझा तो उद्योग बघत होत्या. "घासलेटाला पैंजण घातलं ताई तुम्ही. आता ह्याला नाचायला कुठं धाडू?"

"कुठेच धाडू नका. ते नाचलं की तुम्ही धावा."

"आन् मी मळ्यात असले मंग?"

"मग हा वरचा खिळा. बाटली तिथे टांगा."

महिन्याभराने मी पुन्हा गेले तेव्हा त्या हातातली कोथिंबीर खाली न ठेवताच सांगू लागल्या, "वाजलं बरं का परवा. मी पाण्याचा पाट मोडून पळत आले. मांजर व्हतं." मग थोडे थांबून म्हणाल्या, "पण बाटली आता खिळ्यावरच हाय."

असे दिवस गेले. चारा कापायच्या कडबाकुट्टीच्या तोंडाला लांब फळी लावायची, म्हणजे हात पात्यापर्यंत पोचत नाही. मळणीला उभे राहताना पदर कमरेला घट्ट खोचायचा. कांद्याच्या ट्रॅक्टरमागे लासलगावला जाताना चमकणारी पट्टी लावायची. अशा लहान लहान गोष्टींनी माझी पिशवी भरलेली असे. प्रत्येक धोक्याला स्वतःचा एक आवाज किंवा वास असतो आणि तो शिकवला तर माणसे जपतात, असे मला वाटू लागले होते. ज्या धोक्याला ना आवाज होता ना वास, तो त्यानंतर आला.

दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत देवळ्याकडच्या माळरानावर शेततळी होऊ लागली. ज्यांनी शेततळे पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत मोठा चौकोनी खड्डा खणायचा, निघालेल्या मातीचा चारी बाजूंनी उंच बांध करायचा, आणि आत तळापासून बांधाच्या माथ्यापर्यंत जाड, काळे प्लॅस्टिक अंथरायचे. शेतकरी त्याला कागद म्हणतात. पावसाळ्यात विहिरीला आणि ओढ्याला असलेले पाणी मोटारीने उचलून त्यात साठवायचे आणि उन्हाळ्यात कांद्याला, डाळिंबाला द्यायचे. जिथे फाल्गुनात माती भाजून पांढरी पडे, तिथे आता आभाळाचा एक निळा चौकोन चैत्रापर्यंत शाबूत राही. दुपारी वाऱ्याने त्या पाण्यावर खवले उमटत आणि कोरड्या माळावर ओलाव्याचा वास तरंगे. मला ते दृश्य फार सुंदर वाटे. अजूनही वाटते.

पहिल्या उन्हाळ्यात शेजारच्या तालुक्यातून दोघांना आमच्या रुग्णालयात आणले. एक तरुण बाई फवारणीचा पंप धुवायला तळ्याच्या काठावर वाकली आणि घसरली. तिला काढायला तिचा दीर उतरला. डॉक्टरांना करण्यासारखे काही उरले नव्हते. दीर पट्टीचा पोहणारा होता, असे त्याचे वडील पुन्हा पुन्हा सांगत होते, जणू त्या वाक्यातून तो परत येणार होता. दुसऱ्या दिवशी मी ते तळे पाहायला गेले. पाण्याच्या रेषेच्या वर, काळ्या कागदावर, नखांचे पांढरे ओरखडे होते. एकमेकांना समांतर, वरून खाली आलेले. तिथे मला प्रथम समजले, की या तळ्यात पोहता येण्याचा उपयोग नाही. पाण्याखाली कागदावर शेवाळाची साय धरते. पाय टेकत नाही, हाताला दगड नाही, मूळ नाही, पायरी नाही. माणूस काठाशी येतो आणि काठ त्याला धरू देत नाही.

त्या गावी मी त्याआधी कधी गेले नव्हते. याची खंत करण्यात अर्थ नाही हे कळते, तरी ती आहे.

उपाय डॉक्टरांनी आणि मी जेवणाच्या सुट्टीत ठरवला आणि तो हसू येईल इतका साधा होता. बांधाच्या माथ्यावर खोल खुंट ठोकायचा, त्याला जाड दोर बांधायचा, दोराला गाठी मारायच्या, आणि तो कागदावरून पाण्यात सोडून द्यायचा. चारी बाजूंना एकेक. दोराच्या शेवटी ट्रॅक्टरची जुनी, फुगवलेली ट्यूब. एवढेच. मी जीपमध्ये दोराची वेटोळी घातली आणि पहिल्यांदा देवळ्याकडच्या भास्करनानांच्या मळ्यावर गेले, कारण त्यांच्या तळ्यावर कागद अंथरून नुकताच झाला होता आणि चार दिवसांनी जलपूजन होते.

नाना पन्नाशीचे, दणकट, गिरणेच्या काठी वाढलेले. कांद्याच्या चाळीच्या सावलीत त्यांनी माझे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. त्यांची आई, जिजाआई, बाजेवर बसून कांद्याची पात खुडत होती. नानांची सून रंजना चहाची कपबशी घेऊन दारात थांबली होती. मी दोर दाखवला, तशी जिजाआईची बोटे थांबली.

"हाई काय शे?" तिने तिच्या अहिराणीत विचारले.

"दोर आहे आजी. तळ्यात सोडून ठेवायचा."

"पाणीमा दोर टांगतस का कोणी?"

नानांनी मला समजावले. त्यांच्याकडे विहिरीवरचा दोरसुद्धा पाणी शेंदून झाले की लगेच गुंडाळून घरात ठेवतात. पाण्यात लोंबत राहिलेला दोर कुणाला तरी बोलावत असतो, असे मानतात. "आन् त्यात पूजेचं पाणी," ते म्हणाले. "सगळे पाव्हणे येतील. घरच्या सुवासिनी तळ्याची ओटी भरतील. तिथं फास लोंबताना दिसला तर लोक काय म्हणतील, ताई?"

नव्या विहिरीच्या, नव्या तळ्याच्या पाण्याला माहेरवाशीण मानून बायका तिची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू; आणि ते पाण्यात, स्वतःच्या हाताने, वाकून सोडायचे. नव्या काठाच्या नऊवारी साड्या चापूनचोपून नेसलेल्या दहा-बारा जणी त्या काळ्या उतारावर, ओल्या कागदावर पाय ठेवून वाकणार होत्या. मातीच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या जे बिनघोर केले, ते त्या इथेही तितक्याच बिनघोरपणे करणार होत्या. सर्वांत पुढे, घरची सून म्हणून, रंजना.

मी ओरखड्यांबद्दल सांगितले. नाना गंभीर झाले, पण डगमगले नाहीत. "ते घाबरले असतील. मी गिरणामाय भर पुरात पोहून गेलोय. ह्या डबक्यातून मला वर यायला दोर लागंल?"

"पोहण्याचा प्रश्नच नाही, नाना. चढण्याचा आहे."

"चला," म्हणत ते उठले.

तळ्याच्या तळाशी चाचणीसाठी सोडलेले मांडीभर पाणी होते. दुपारचे ऊन काळ्या कागदावर पडून रबर तापल्यासारखा वास सुटला होता. नानांनी टोपी आणि सदरा काढून बांधावर ठेवला, मोटारीचा पाइप चालू करून उतार ओला करवला, आणि लहान मुलाने घसरगुंडीवरून यावे तसे सरसर खाली गेले. गडी हसले. रंजनाने तोंडाला पदर लावला. जिजाआईला कुणीतरी हात धरून बांधावर आणले होते. तीही हसत होती.

नाना धावत वर चढू लागले. दोन पावले, आणि कागद फरफर वाजला. ते पोटावर घसरत पाण्यात गेले. पुन्हा हशा. त्यांनी चवडे रोवले. मग ओणवे होऊन चार पायांवर आले. मग कोपरा गाठला, दोन उतार जिथे मिळतात तिथे दोन्हीकडे हात टेकून वर सरकू लागले. अर्ध्यावर आले, आणि तळवा निसटल्याचा ओला, चपटा आवाज आला. पाणी उडाले. या वेळी कुणी हसले नाही.

"म्हातारा झालो काय रे?" खालून नाना म्हणाले.

ते दुसऱ्या कोपऱ्याकडे गेले. त्यांच्या श्वासाचा घरघराट त्या चौकोनी खड्ड्यात घुमून वर येत होता. पाणी मांडीएवढेच होते, त्यांच्या जिवाला काही नव्हते. तरीही बांधावर उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे हळूहळू बदलत गेले. रंजनाचा पदर तोंडावरून कधी खाली आला हे तिला कळलेच नाही. "नाना, दम घ्या जरा," ती म्हणाली. सासऱ्याशी चारचौघांत तिने असे बोलणे हे तिथे नवेच होते, पण कुणाचे तिकडे लक्ष गेले नाही. नाना पाण्यात उभे राहिले. वर पाहिले. चारी बाजूंनी त्यांचीच माणसे होती, दहा हातांवर, आणि एकाचाही हात पोचत नव्हता.

मी दोर हातात घेऊन उभी होते. टाकू शकले असते. पण तो मी टाकायचा नव्हता, असे मला आतून वाटत होते.

जिजाआई माझ्याकडे वळली. "दोर टाक ना माय," ती म्हणाली.

दोराला धरून नाना पाहता पाहता वर आले. बांधावर बसून त्यांनी पाणी मागितले, सबंध तांब्या रिकामा केला आणि खालच्या पाण्याकडे पाहिले. "मांडीएवढंच होतं," ते म्हणाले. "माणूसभर असतं तर..."

पुढचे सगळे त्या घराने स्वतःच केले. खुंट नानांनी ठोकले. गाठी त्यांनीच मारल्या; आपल्याला चढताना जिथे जिथे धरावेसे वाटले, तिथे तिथे. लोंबत्या दोराचा अपशकुन मात्र जिजाआईच्या मनातून गेला नव्हता आणि तिने त्याच्यावर स्वतःचाच उतारा काढला. पेटीतले जुने हिरवे लुगडे आणून तिने त्याच्या चिंध्या फाडल्या आणि रंजनाला प्रत्येक गाठीला एकेक बांधायला लावली. वाऱ्यावर ती हिरवी टोके फडफडू लागली, तेव्हा ती मला म्हणाली, "आते दोर नको म्हणू. तोरण म्हण."

जलपूजनाच्या दिवशी ओटी उतारावर उतरून भरायची नाही, हेही तिनेच जाहीर केले. रंजनाच्या एका नणंदेने कुरकुर केली, "पाण्यात हात नाय लागला तर ओटी कशी?" त्यावर जिजाआई म्हणाली, की पाणी येते ते पाइपातून; मग माहेरवाशिणीला दारातच ओवाळायचे. बांधाच्या कोरड्या माथ्यावर, पाइपाच्या तोंडाशी, सगळ्या जणी रांगेने उभ्या राहिल्या. नारळ धारेखाली धरला, मग खाली सोडला. हळदीची पिवळी रेघ पाण्यावर लांबत गेली. ओल्या तांदळाचा, उदबत्तीचा आणि नव्या प्लॅस्टिकचा वास एकमेकांत मिसळला होता. सगळ्या जणी कोरड्या पायांनी पुरणपोळीच्या पंगतीला बसल्या, तेव्हा मी किती दिवसांनी पोटभर जेवले.

नानांची तऱ्हा मग मी गावोगाव नेली. तसाच खुंट, तसाच दोर, तेवढ्याच अंतरावर गाठी. माणसे टर उडवत. एका बागायतदाराने विचारले, "मॅडम, तळ्याला वेसण घालता का?" मी म्हणाले, घालते. त्याने दोर बांधून घेतला. कुणी जनावरे बांधायला सोडून नेला, कुणाचा उन्हाने कुजला, मी पुन्हा नेऊन दिला. उपयोग झाला की नाही, हे कळायचा मार्ग नव्हता. उपयोग व्हायची वेळ येऊ नये, अशीच इच्छा असे.

पुढचा उन्हाळा भर माथ्यावर असताना एका सकाळी रुग्णालयातला फोन वाजला. पलीकडे नाना होते. मळ्यातून बोलत होते. वारा फोनमध्ये शिरत होता.

"ताई, रंजना तळ्यात पडली," ते म्हणाले.

आणि आवाज तुटला. खरखर, पुन्हा शब्दाचा एक तुकडा, पुन्हा खरखर. समोरच्या फरशीवर कुणीतरी फिनेल टाकून पुसत होते. मला हिरव्या चिंध्या दिसत होत्या आणि ओरखडे दिसत होते, एकमेकांवर, आणि कुठले खरे ते कळत नव्हते. मी "नाना, नाना" म्हणत राहिले.

"ताई," एक बाईचा आवाज आला. धाप लागलेला, थोडा रागावलेला. "गाठी लय लांब मारल्यात."

मी खुर्चीत बसले.

"आयकताय ना? गाठी लांब हायेत म्हटलं. हात पुरत नाय."

दुपारच्या आत मी डॉक्टरांना घेऊन मळ्यावर पोचले. रंजना ओसरीवर बसली होती. कोपरे सोलवटले होते, त्यांवर जिजाआईने हळद दाबली होती. डॉक्टरांनी छाती तपासली, डोळे पाहिले, बुडताना नाकातोंडात पाणी गेले होते का विचारले, आणि संध्याकाळपर्यंत खोकला किंवा धाप वाढली तर लगेच घेऊन या, एवढे बजावून स्टेथोस्कोप गुंडाळला. नाना अंगणात येरझारा घालत होते. बोलायची घाई फक्त रंजनालाच होती.

"भारनियमन व्हतं. मोटार बंद. गायी हंबरत व्हत्या, म्हटलं एक बादली काढावी. तर बादली भरली आन् मलाच घेऊन गेली. पवता येतं मला, आम्ही सायखेड्याच्या, गोदावरीतच लहानाच्या मोठ्या झालो. पवत काठाला आले, पण काठ काही हाताला लागंना. मग ते हिरवं दिसलं, जिजाआईच्या लुगड्याचं. पयली गाठ धरली. दुसऱ्या गाठीला हात पोचंना. नानांचा हात केवढा, माझा केवढा. नुसता दोर धरला तर सटकतोय."

"मग वर कशी आलीस?"

"चिंधी दातात धरली," ती म्हणाली. "दातानं धरायची, हात वर सरकवायचा. परत दातानं." तिने ओठांवरून बोट फिरवले. "लुगड्याला डांबरगोळ्यांचा वास हाय अजून."

जिजाआई हसली. मग पदराने डोळे पुसले, मग पुन्हा हसली.

नानांनी मग चारही दोर खुंटांवरून सोडून अंगणात आणले. ओले, शेवाळलेले, उन्हात वाफाळणारे. त्यांनी पहिली गाठ सोडवायला घेतली, तेवढ्यात रंजना उठून आली आणि त्यांच्या शेजारी बसली. तिने दोर मांडीवर घेतला, हात लांब केला आणि बोट ठेवले. "हितं एक. आन् हितं." मग ओट्यावर खेळणाऱ्या आपल्या पाच वर्षांच्या मुलीला हाक मारली, तिला हात लांब करायला लावले आणि त्या दोन बोटांच्या मध्ये आणखी एक खूण केली. "आन् हितं एक, हिच्यासाठी."

ओला दोर चिवट होता. मी जमिनीवर बसले आणि ती बोट ठेवेल तिथे गाठ मारत गेले.